त्राटिका कशी दिसते

मी त्राटिका बोलतेय. नाव ऐकून पळू नका. लोकांना पळवायचं बळ आता माझ्यात उरलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर हौसही उरलेली नाही. मी खरी राक्षसीण नव्हे, तिचा मुखवटा आहे. कागदाच्या लगद्याचा, वरून रंगवलेला, सुपाएवढा रुंद. आमच्या जव्हार-मोखाड्याकडच्या गावांत होळी उलटली की बोहाडा होतो. एकेक सोंग वाजतगाजत येतं, संबळ आणि सनईच्या ठेक्यावर नाचतं आणि जातं. गणपती येतो, सरस्वती येते, रावण येतो, शेवटी देवी येते. मधल्या गर्दीत मी येते. प्रत्येक सोंग एकेका घराचं ठरलेलं असतं. रावण एका घरचा, भीम दुसऱ्या घरचा, आणि मी बाळ्याच्या घरची.

माझी कहाणी सांगते, पण थांबत थांबत सांगेन. कागदाच्या बाईलाही दम लागतो. तुम्हाला पटो न पटो.

माझा जन्म जव्हारच्या बाजूला, मुखवटे करणाऱ्या एका घराच्या ओटीवर झाला. त्या घरात गोजाबाई आणि तिचा नवरा. कागद भिजत घालायचा आणि कुटायचा तो गोजाबाईने, मातीच्या साच्यावर थापायचा तो नवऱ्याने. लगद्यात भिजवलेली मेथी वाटून घालायची, म्हणजे कसर लागत नाही, अशी दोघांची समजूत. मला विचाराल तर लागते.

कागद म्हणजे जव्हारच्या बाजारातून आणलेली रद्दी. वावर-वांगणीत कुपोषणाने गेलेल्या पोरांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरली होती, त्याच्या पुढच्या साली मी झाले. त्यामुळे माझ्या अंगात ती वर्तमानपत्रं पुष्कळ आहेत. गोजाबाईला वाचता येत नव्हतं. तिची पुतणी जिजा शाळेत जायची. ती कागद फाडता फाडता मोठ्याने वाचायची. दुर्गम. मागास. हाडांचे सापळे. गोजाबाई हात थांबवून ऐकायची. एकदा तिने विचारलं, "ही आपलीच पोरं ना गं? मग त्यांची नावं का नाय लिवली?" जिजाने पुन्हा पान पाहिलं. नावं नव्हती. गोजाबाईने त्यावर पाणी ओतलं आणि कुटायला घेतलं.

माझे डोळे गोजाबाईने रंगवले. नवऱ्याने जीभ बाहेर काढली होती, सुळे लावले होते, भुवया जाड केल्या होत्या. गोजाबाईने कपाळावर ठसठशीत कुंकू काढलं. नवरा म्हणाला, "राक्षसिणीला कुंकू कशाला?" ती म्हणाली, "राक्षसीण असली तरी बाईच हाय ना." कुंकू राहिलं.

बाळ्या मला न्यायला आला तेव्हा तरणाताठा होता. नाचणी आणि भात पिकवणारा, बोलायला कमी. त्याने मला पोत्यात घातलं नाही. डोक्यावर कोरं फडकं टाकलं, त्यावर मला बसवलं आणि चढ चढायला लागला. वाटेत जीपवाल्याने हाक मारली तर म्हणाला, "आज नको, आज बाई हाय संगं." जीपवाला हसला. मी मात्र तेव्हापासून त्या माणसाची झाले.

माझ्या डोळ्यांच्या खाली दोन फटी आहेत. सोंग घेणारा त्यातूनच बघतो. बाळ्याचा श्वास माझ्या आतल्या बाजूला लागायचा, घाम माझ्या हनुवटीत साचायचा, आणि संबळ घुमायला लागलं की त्याचे पाय त्याचे राहायचे नाहीत. लोक म्हणायचे, बाळ्या नाचत नाही, त्राटिकाच नाचते. मी आतून सांगते, नाचायचा तोच. मी फक्त दिसायची.

आणि दिसण्याचं एक गंमतशीर असतं. मी एकच, पण मला बघून माणसांच्या तोंडून निघणारे शब्द निराळे. गावातली म्हातारी सकू हात जोडून म्हणायची, "माझी बाय आली!" लहान पोरं आईच्या पदरात शिरून म्हणायची, "खाईल, खाईल!" नाशिकहून एकदा एक जोडपं आलं होतं. बाई म्हणाली, "शी, किती भेसूर आहे!" नवरा म्हणाला, "अगं, भेसूर काय म्हणतेस? किती कलात्मक आहे!" दोघं एकाच जागी उभी होती आणि एकाच चेहऱ्याकडे बघत होती. पुढच्या वेळी नवरा एकटा आला. बाई का आली नाही, ते मला तिच्या शब्दावरूनच कळलं.

वर्षं गेली. दर साली माझ्यावर रंगाचा नवा हात फिरायचा. आधी साधे रंग, मग दुकानातला चकचकीत ऑइलपेंट. रंगाखाली रंग साचत गेले आणि मी जड होत गेले. एका साली बाळ्याच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. त्याने मला आपल्या डोक्यावरून उतरवलं आणि मुलाच्या, देवानंदच्या, डोक्यावर ठेवलं. तेव्हापासून त्याने मला हात लावला नाही. "दिलेल्या वस्तूला परत हात लावायचा नाय," असं त्याचं म्हणणं. हट्टी माणूस.

देवानंद वाईट नाचत नाही, पण तो वर्षभर ठाण्याकडे बांधकामावर असतो. बोहाड्याला सुट्टी काढून येतो, मला घालतो, नाचतो, आणि तिसऱ्या दिवशी परत जातो. बाकीचं वर्ष मी छपराखालच्या आडव्या लाकडाला टांगलेली असते, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. खाली चूल. वर कौलं. मधे मी. धूर, ओल, पाली, झुरळं, सगळ्यांशी ओळख झाली. देवानंदची बायको मीना वर्षातून एकदा लुगडं सोडून धूळ झटकायची आणि मला म्हणायची, "काय गं, बरी हाईस ना?" मी बरी नव्हते. गेल्या पावसाळ्यात नेमकं माझ्या वरचं कौल फुटलं. कौल बदलेपर्यंत माझ्या उजव्या गालावर पाणी ठिबकत होतं. कागदच तो. गाल फुगला, मग वाळला, मग चिरला. मीनाने फेविकॉल लावून वरून कापडाची पट्टी बसवली. तिने जीव लावून केलं, पण फाटकं लुगडं शिवणं वेगळं आणि भिजलेला कागद शिवणं वेगळं.

त्याच सुमाराला बाळ्याचे डोळे गेले. आधी मोतीबिंदू होता. ऑपरेशनला जाऊ जाऊ म्हणत दोन पेरण्या झाल्या, आणि गेला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आता डोळ्यामागची नस सुकलीय. त्या दिवसापासून तो अंगणातल्या खाटेवर बसून राहतो. कोण आलं, कोण गेलं, ते पावलांवरून ओळखतो. मात्र माझी पावलं कधी वाजत नाहीत. म्हणून तो नातीला विचारतो.

नात म्हणजे रविना. देवानंदची मुलगी, जव्हारच्या कॉलेजात बीएला, मराठी विषय घेऊन. शिकलेली पोर, म्हणून सगळ्या घराचे कागद तीच वाचते, औषधांवरची अक्षरंही तीच लावते. बाळ्या तिला हाक मारतो आणि मान वर करून विचारतो, "बघ गं जरा वर. कशी हाय ती?"

आता इथे तुम्हाला त्या घराची एक रीत सांगायला हवी. मुखवटा कधीतरी संपतोच. पण बाळ्याच्या घरात मुखवटा 'फुटला' किंवा 'मोडला' असं म्हणत नाहीत. 'दमला' म्हणतात. आणि घरातल्या कोणी एकदा तसं तोंडाने म्हटलं की त्याला पुन्हा डोक्यावर घ्यायचं नाही, कोणाला द्यायचं नाही, भिंतीवर लावायचं नाही. नदीत सोडायचं. नवा होईपर्यंत त्या घराचं सोंग निघत नाही. म्हणून तो शब्द त्या घरात कोणी सहजासहजी काढत नाही. भाकरी करून थकलेली मीनासुद्धा "अंग मोडलंय" म्हणते, "दमले" म्हणत नाही.

रविनाने लुगडं बाजूला करून पहिल्यांदा माझा चिरलेला गाल पाहिला तेव्हा तिचा हात तोंडावर गेला. अंगणातून बाळ्याचा आवाज आला, "काय गं, गप का?" ती म्हणाली, "काय नाय आजा. झाक हाय. गालावर जरा बारीक रेघ आलीय, बस."

बारीक रेघ! बोट जाईल एवढी चीर होती. पण बाळ्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते बघून मीही म्हटलं, जाऊ दे. पुढच्या वेळी पट्टीचं एक टोक सुटलं. रविना म्हणाली, "आईने गालाला नवी किनार लावलीय." रंगाचे पोपडे निघाले, तर म्हणाली, "रंग थोडा मवाळ झालाय, उलट छान दिसतोय." नाक मऊ पडलं, तर, "नाक अगदी नाजूक दिसतंय." पोरीला शब्द चांगले येतात, यात वाद नाही. तिने नसलेली वस्तू एकही सांगितली नाही. गाल, पट्टी, रंग, नाक, सगळं होतं ते सांगितलं. फक्त प्रत्येकाच्या पुढे एक गोड शब्द ठेवला. आणि खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या मनात माझी दिवसेंदिवस तरुण होत जाणारी मूर्ती उभी राहायला लागली. मी इकडे वर कुजत होते आणि तिकडे खाली नवरी होत होते. ऐकून ऐकून मला कंटाळा यायचा. दुसऱ्या कोणाच्या तरी रूपाची तारीफ ऐकत महिनेच्या महिने काढायचे, म्हणजे विचार करा.

बाळ्या वर्षभर एका दिवसाची वाट बघत जगत होता. "यंदा हिच्या दोन फेऱ्या जास्त काढायला सांगतो देवानंदला," असं तो येईल जाईल त्याला सांगायचा. मला माहीत होतं की माझ्याने एक फेरी निभायची नाही. भर बोहाड्यात, सगळ्या गावासमोर, बाळ्याच्या घरचं सोंग गळून पडणार होतं. मीनाला माहीत होतं. रविनालाही माहीत होतं. पण सांगायचं कोणी?

तेवढ्यात तो मॅनेजर आला. जव्हारच्या वाटेवर नवं रिसॉर्ट झालंय, तिथला. मुखवटे बघत गावात फिरत होता. मीनाने मला खाली घेऊन ओटीवर ठेवलं. कोरा चहा पीत त्याने रविनाची चौकशी केली, मग माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हा आम्हाला द्या. स्वागतकक्षात लावू. शेजारी छानसं वर्णन. रविना, तू मराठी घेतलंयस ना? तूच लिही. जमलं तर आमच्या सगळ्या फलकांचं लिखाण तुलाच देतो. धबधबे, झाडं, डोंगर, सगळं."

रविनाचे डोळे चमकले. चमकणारच. परीक्षा झाली की तिला आईबरोबर नाशिककडे द्राक्षांच्या बागेत मजुरीला जावं लागणार होतं, आणि तिला ते नको होतं. बाळ्या खाटेवरून एवढंच म्हणाला, "द्यायची नाय. आमची नाचायची हाय अजून." मॅनेजरने ऐकून घेतलं आणि जाताना रविनाला हळूच म्हणाला, "वर्णन तर पाठव. बाकीचं नंतर बघू."

रविना गावामागच्या टेकाडावर रेंज येते तिथे बसून मोबाइलवर लिहायची आणि घरी येऊन मला वाचून दाखवायची, मोठ्याने. आईलाही ऐकू जायचं. पहिलं वर्णन असं होतं: "हा त्राटिकेचा जुना मुखवटा आहे. तो कागदाचा आहे. तो घालून आमच्या घरचे लोक बोहाड्यात नाचतात." मला आवडलं. टेकाडावर आलेला मॅनेजरचा व्हॉइस मेसेज तिने घरी लावला, "अगं, हे शाळेतलं झालं. 'जुना' म्हटलं की माणसाला अडगळ दिसते. 'प्राचीन' म्हण. 'कागदाचा' कशाला सांगतेस? 'नाचतात' नको, 'थैमान घालतात'. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे."

रविनाने पुन्हा लिहिलं. पुन्हा पाठवलं. पुन्हा. शेवटी जे झालं ते असं: "घनदाट अरण्याच्या काळोखातून अवतरलेली ही प्राचीन, रक्तपिपासू त्राटिका! तिच्या भेगाळलेल्या मुखावर शतकांचे गूढ दडले आहे. तिच्या उग्र नजरेसमोर आजही आदिवासी पाड्यांचा थरकाप उडतो."

मीना भाकरी थापत होती. तिने हात थांबवला. "ही कोण गं?"

"आपलीच. त्राटिका."

"आपल्या घरात अशी कोणी नाय," मीना म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली. "आन् थरकाप कोणाचा उडतो? सकू तर तिला ओवाळते."

"आई, तसं लिहावं लागतं. नाहीतर कोण वाचणार?"

मी वरून ऐकत होते. शतकांचं गूढ म्हणे! गेल्या पावसाळ्यातलं फुटकं कौल ते. त्याच एका चिरेची आजासाठी 'बारीक रेघ' झाली आणि रिसॉर्टसाठी 'शतकांचे गूढ' झालं. मधल्या मधे ती चीर बिचारी चीरच राहिली आणि रोज थोडी थोडी रुंदावत गेली. गोड शब्दांनी ती सांधली नाही आणि भयंकर शब्दांनी तिला मोल आलं नाही. मला एवढंच हवं होतं की कोणीतरी मला आहे तसं बघावं आणि आहे तसं सांगावं. एवढं मागणं काय फार झालं?

देवानंद आला तो बोहाड्याच्या आदल्या संध्याकाळी. उन्हं उतरत होती. बाळ्याने खाट अंगणाच्या मध्यावर घ्यायला लावली आणि म्हणाला, "घाल एकदा. पाय बसतात का बघू."

"टेन्शन नको घेऊ बा, एकदम फिट हाय मी," असं म्हणत देवानंदने मला खाली काढलं आणि लुगडं सोडलं. आणि तो थांबला. वर्षाने बघत होता मला. त्याने मीनाकडे पाहिलं. मीना जमिनीकडे बघायला लागली. मग त्याने पायांत घुंगरू बांधले, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि मला इतक्या हळू चढवलं, की जणू कोणाचं आजारी पोर उचलतोय.

त्याने पावलं टाकली. मी धरून ठेवायचा प्रयत्न केला. मनापासून केला. बाळ्या खाटेवर बसून मान डोलावत होता, बोटांनी ठेका धरत होता, आणि त्याचा तो चेहरा बघून माझ्या मनात आलं की एवढा एक बोहाडा निघू दे. पण देवानंदने गिरकी घेतली आणि मीनाची पट्टी सुटली. उजवा गाल आतल्या बाजूला बसला. चुरा त्याच्या छातीवर सांडला. घुंगरू थांबले.

"का रं थांबलास?"

"काय नाय बा. रस्सी ढिली झाली."

"रविना, बघ गं. कशी दिसतेय?"

रविना ओट्यावर उभी होती. तिने तोंड उघडलं. "झाक…" असं सुरूही केलं. मला वाटलं, आता येईल एखादी किनार, एखादी नाजूक छटा. शब्द तिच्याजवळ भरपूर होते. पण तिच्या बापाच्या हाताला माझा गाल पिठासारखा लागला होता, आणि त्या हाताकडे बघत तिने तो शब्द तिथेच सोडला. बाळ्या वाट बघत होता.

मग ती बोलली. हळू बोलली, पण थांबली नाही. "आजा, उजवा गाल आत गेलाय. आईने लावलेली पट्टी लोंबतेय. नाक मऊ झालंय, बोट लावलं तर खड्डा पडेल. जिभेचा शेंडा पडलाय, तो मला गेल्या महिन्यात चुलीजवळ सापडला होता. कपाळावरचं कुंकू अर्धं निघालंय. डोळे हायेत. डोळे नीट हायेत. बाबाच्या अंगावर कागदाचा चुरा पडलाय." ती ओट्यावरून खाली उतरली. "आजा, ती दमलीय."

एक कोंबडी चुरा टिपायला आली, मीनाने तिला हाकललं.

"कवापास्न?" बाळ्याने विचारलं.

"पावसाळ्यापासून."

"आन् तू मला काय सांगत होतीस?"

रविना रडायला लागली. "तुला वाईट वाटेल म्हणून, आजा."

"वाईट वाटायचं ते माझं मला हाय. ते तू का घेतलंस?" त्याचा आवाज चढला नाही. "मला डोळं नाय. तू सांगशील तेवढंच मला दिसतं. आन् तू मला भलतीच बाई दाखवत होतीस. मी तिच्यासंगं बोलत होतो रोज."

तो खाटेवर आडवा झाला आणि आमच्याकडे पाठ केली. रात्री जेवला नाही. रविनाने ताट आणून ठेवलं, तसंच उचलून नेलं. मला तिची दया आली. आजाचं मन जपायला निघालेल्या पोरीने शेवटी त्यालाच दुखावलं होतं. आणि तरीही सांगते, मला हायसं वाटत होतं. इतक्या महिन्यांनी कोणीतरी माझं नाक, माझी जीभ, माझं कुंकू यांची नावं नीट घेतली होती.

दुसऱ्या दिवशी बोहाडा झाला. रावण नाचला, भीम नाचला. आमच्या घराच्या वेळेला संबळवाला थांबला आणि लोकांनी एकमेकांना सांगितलं, बाळ्याची त्राटिका दमली. कोणी हसलं नाही. सकू घरी येऊन माझ्यापुढे बसून गेली. देवानंद म्हणाला, "पुढच्या साली नवी आणू, बा."

रविनाने मात्र एक काम केलं. अंगणात जे बोलली होती, तेच टेकाडावर बसून जसंच्या तसं लिहिलं आणि मॅनेजरला पाठवलं. खाली एक ओळ जोडली, की मुखवटा देता येणार नाही. उत्तर लगेच आलं. "यात काही फील येत नाही. आपण दुसऱ्या कोणाला तरी बघतो." घरी येऊन तिने ते वाचून दाखवलं. मग आईला विचारलं, "नाशिकला कधी निघायचंय?" मीनाने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आज सकाळी बाळ्या स्वतःहून उठला. "उचला तिला," म्हणाला. "नदीवर चला." रविना घराच्या कोपऱ्यात उभी होती. तो दारापर्यंत गेला, थांबला आणि हात बाजूला केला. "कोण धरणार मला? का मी पडू?" रविना धावत आली.

उन्हाळ्याची नदी म्हणजे मधे मधे डोह आणि बाकी दगड. देवानंद मला टोपलीत घेऊन पुढे चालला होता, मागून आजा आणि नात. वाट उताराची. रविना सांगत होती, "पुढे दगड हाय, आजा. सुटा हाय, हलतो." काल-परवापर्यंत ती म्हणाली असती, काही नाही, थोडा खडबडीत आहे. बाळ्या पाय जपून टाकत होता. त्याने तिचा दंड घट्ट धरला होता.

तुमची रजा घ्यायची वेळ आली. तुम्ही लिहिता-वाचता, म्हणून जाता जाता एक मागणं मागते. कधी कोणी तुम्हाला विचारेल, ती कशी आहे, तो कसा दिसतो. विचारणाऱ्याला डोळे नसतील, किंवा तो लांब असेल, किंवा अजून जन्मला नसेल. त्याला दिसायचं ते तुमच्या शब्दांनीच दिसणार असतं. तेव्हा शोभेचा शब्द हाताशी आयता येईल, भीतीचाही येईल. त्यांना जरा थांबवा. ज्याच्याबद्दल सांगायचं त्याच्याकडे एकदा नीट बघा. आम्ही दमलेली माणसं, दमलेल्या वस्तू, आम्हाला सजवू नका आणि आमचा बागुलबुवाही करू नका. आम्हाला दोन्हीचं ओझं होतं.

देवानंदने मला डोहाच्या काठाला पाण्यात ठेवलं. पाणी गार आहे. फार बरं वाटतंय. मीनाने हळदकुंकू वाहिलं.

"आजा, हात लावतोस का?" रविनाने विचारलं. "आता चालेल की."

बाळ्याने मान हलवली. दगडावर टेकून तो बसला, आंधळे डोळे पाण्याकडे लावून. "नको," म्हणाला. "तू सांग."

रविना गुडघ्यावर बसली, माझ्या अगदी जवळ वाकली आणि सांगायला लागली. "पाणी हनुवटीला लागलंय. लाल रंग सुटतोय, पाण्यात धाग्यासारखा जातोय. काळाही सुटला. गाल उघडला. आता पाणी नाकात गेलं. ती जरा कलंडली, बाबाने सरळ केली."

"आन् चेहरा? चेहरा कसा हाय तिचा?"

ती थांबली. मला ठाऊक आहे, किती शब्द तिच्या तोंडाशी आले असतील. शांत. प्रसन्न. तृप्त. कोणीही तेच म्हटलं असतं, आणि म्हाताऱ्याला ते गोडही लागलं असतं. तिने माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"चेहरा नाय राहिला, आजा. ओला कागद हाय."

बाळ्याने दोन्ही हात जोडले. "हां," तो म्हणाला. "आता दिसली मला."

माझे कान सुटायला लागलेत. येते मी.